‘तू जा’ असं मीच म्हणालो होतो

ताई,

मी माजी सैनिक आहे, घणसोलीत राहतो. गाव पाटण तालुक्यात. हवालदार म्हणून रिटायर झालो, आता महापे एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. १९९९ साली कारगिलच्या लढाईत आमची पलटण द्रासला होती. मी तेव्हा नाईक होतो, सेक्शन माझ्याकडे होता. वरच्या पोस्टवर दारूगोळा आणि पाणी रात्री पाठीवर न्यावं लागायचं. त्या रात्री ज्याची पाळी होती तो तापाने फणफणला होता, त्याला धापही लागत होती. तो ‘मी जातो’ म्हणत होता, पण मी त्याला खाली बसवलं आणि माझ्या दोस्ताला म्हणालो, ‘तू जा.’ आम्ही एकाच तालुक्यातले, भरतीच्या रांगेतही एकत्र उभे होतो. त्याने काही विचारलं नाही. पिट्टू उचलला आणि निघाला. वाटेत शेलिंग झालं, त्यात तो गेला.

मागच्या वर्षी पलटणीतले जुने लोक साताऱ्याला जमले होते. तापाने पडलेला तो जवानही आला होता. दोन पेग झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘मी जात होतो. तू त्याला मारलंस.’ कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून प्यायल्याशिवाय डोळा लागत नाही. कधी कधी वाटतं, त्याच्या जागी मीच जायला हवा होतो.

दोस्ताची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. आता तिचं लग्न ठरलंय. तिचा फोन आला, ‘काका, तुम्ही आणि काकू कन्यादानाला बसा.’ मी दर दिवाळीला त्यांना कपडे पाठवतो, पण गावी गेलो तरी त्यांच्या घरी जात नाही. पाळी कुणाची होती हे त्यांना मी कधीच सांगितलं नाही. ज्या तोंडाने त्याला ‘जा’ म्हणालो, ते तोंड घेऊन कन्यादानाला कसा बसू? त्यांना सांगू की नको? बायको म्हणते, जुनं उकरू नका.

(नाव आणि पलटण छापू नये.)

*

हवालदारसाहेब, नमस्कार.

सांगायला हवं. मुलीला नव्हे, आधी तिच्या आईला, आणि लग्नाची धांदल सुरू व्हायच्या आत. कसं सांगायचं ते पुढे लिहिते. पण आज उठून गेलात तर ‘मी त्याला मारलं’ एवढंच सांगून याल, आणि ते खरं नाही. म्हणून आधी त्या रात्रीचं बोलू.

तुम्हीच लिहिलेल्या गोष्टी पुन्हा मांडते. एक जवान तापाने फणफणलेला, धापा टाकणारा. द्रास गावच दहा हजार फुटांच्या वर, आणि पोस्ट त्याच्याही वर. त्या उंचीवर आजारी माणूस पाठीवर वजन घेऊन चढला तर त्याच्या फुप्फुसात पाणी भरू शकतं, आणि वेळेत खाली आणला नाही तर तो काही तासांत दगावू शकतो. वाटेत तो कोसळला असता तर त्याला उतरवायला आणखी माणसं लागली असती, तीही माऱ्याखाली. वर बसलेल्या मुलांना ना काडतुसं मिळाली असती ना पाणी. आजारी माणसाला थांबवणं हे सेक्शन कमांडर म्हणून तुमचं कामच होतं. त्याच्याऐवजी कुणीतरी जाणार होतं, हेही ठरलेलंच होतं.

मग दोस्तच का? हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण माझ्या मते खरा सल तिथेच आहे. अवघड कामाला माणूस निवडायची वेळ आली की डोळे आपोआप भरवशाच्या माणसाकडे जातात. जो कारण विचारणार नाही, कुरकुरणार नाही, अर्ध्या वाटेतून मागे फिरणार नाही, असा माणूस. आणि असा माणूस बहुतेक वेळा आपला सगळ्यात जवळचा असतो. तुम्हाला वाटत असेल की मी माझ्या जिवलगालाच कसा पाठवला. तो जिवलग होता आणि भरवशाचाही होता, म्हणूनच पाठवला. वर अडकलेल्या मुलांसाठी त्या रात्री तुमच्याकडे त्याच्याहून चांगला माणूस नव्हता.

तरीही मन म्हणत राहतं, ‘मला कळायला हवं होतं.’ यावर एक प्रयोग सांगते, कारण तो डोंगरातल्या लढाईवरचाच आहे. १९७५ साली बारूख फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने काही लोकांना १८१४ सालच्या इंग्रज आणि गोरख्यांच्या लढाईची हकीगत वाचायला दिली. काहींना शेवट सांगितलाच नाही. बाकीच्यांचे गट केले आणि प्रत्येक गटाला वेगवेगळा शेवट खरा म्हणून सांगितला. एका गटाला इंग्रज जिंकले म्हणून, दुसऱ्याला गोरखे जिंकले म्हणून. मग विचारलं, शेवट ठाऊक नसता तर काय होईल असं तुम्हाला वाटलं असतं? प्रत्येक गटाला आपल्याला सांगितलेला शेवटच जास्त शक्य वाटला. म्हणजे खोटा शेवट सांगितला, तरी ‘हे असंच होणार होतं’ असं माणसाला वाटायला लागतं. तुम्हाला तर खरा शेवट ठाऊक आहे, आणि तो घेऊन तुम्ही इतकी वर्षं रोज त्या संध्याकाळकडे मागे वळून बघताय. तिथून सगळंच उघड दिसणार.

त्या संध्याकाळी ते उघड नव्हतं. शेलिंग तिथे रोजचंच होतं. डोंगरावर बसलेल्या शत्रूला खालचा श्रीनगर-लेह रस्ता सरळ दिसत होता, म्हणून तर आपल्या गाड्याही दिवे बंद करून रात्रीच्या जायच्या. कुठला गोळा कुठे पडणार हे तुम्हाला माहीत असणं शक्यच नव्हतं. तुमच्या दोस्ताला शत्रूच्या तोफेने मारलं. साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये हे वाक्य कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. तिथे कुणी म्हटलं नाही, म्हणून मी इथे लिहिते आहे.

एक काम करा. वही घ्या आणि त्या संध्याकाळी तुम्हाला काय ठाऊक होतं तेवढंच लिहा. किती वाजले होते, कोण धडधाकट होतं, कोण आदल्या रात्री जाऊन आलं होतं, वरून काय निरोप होता. नंतर कळलेलं एकही वाक्य त्यात येऊ देऊ नका. आलं तर खोडा. हे एका बैठकीत होणार नाही, हात थांबेल. थांबला तर दुसऱ्या दिवशी पुढे लिहा, आणि रात्री झोपायच्या आधी नको, दिवसा लिहा.

आता थोडं कठोर बोलते. लोक म्हणतील, ‘तुमची काहीच चूक नाही, विसरून जा.’ मी तसं म्हणणार नाही. हुकूम तुमचा होता. तुमच्या शब्दावर गेलेला माणूस परत आला नाही, हे तुमच्याबरोबर कायम राहणार, आणि ज्याच्या हाताखाली माणसं होती त्याला ते वाटायलाच हवं. पण हुकमाची जबाबदारी घेणं वेगळं आणि स्वतःला खुनी ठरवणं वेगळं. जबाबदारी घेणारा घरच्यांना जाऊन भेटतो, शेवटच्या दिवसाची हकीगत सांगतो, पोरीच्या लग्नात उभा राहतो. खुनी असल्यासारखा जगणारा तोंड चुकवतो. तुम्ही दिवाळीला कपडे पाठवले, पण उंबरा ओलांडला नाहीत. तुम्ही ही शिक्षा स्वतःला दिलीत असं तुम्हाला वाटतं, पण तिची झळ त्या घरालाही लागली. बाप भरतीच्या रांगेत कसा उभा होता, पहिला पगार आल्यावर त्याने काय घेतलं, घरची आठवण आली की काय करायचा, हे सांगू शकणारा माणूस त्या मुलीपासून फक्त एका एसटीच्या अंतरावर होता. ती तुम्हाला आज कन्यादानाला बोलावते आहे, ते मला वाटतं याच भुकेपोटी. हे अजून दुरुस्त करता येतं, म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं.

आता तो तापाने पडलेला जवान. त्याचं बोलणं तुम्हाला किती लागलं असेल ते मला कळतं. पण बोलणारा कोण आहे ते बघा. त्या रात्रीची पाळी त्याची होती. त्याच्या वाटेवर दुसरा गेला आणि तो वाचला. पुढे त्याचा संसार झाला असेल, पोरं शिकली असतील, आणि घरात काही चांगलं घडलं की प्रत्येक वेळी मनात येत असेल, ‘मला ताप आला नसता तर?’ हा प्रश्न एकट्याने वागवणं फार जड असतं. सोसवेनासा झाला की माणूस तो दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. ‘मी जात होतो, याने अडवलं’ असं म्हटलं की त्याच्या वाचण्याचा दोष त्याच्याकडे राहत नाही, तुमच्याकडे येतो. तुम्ही तो निमूट घेतलात, कारण मनातून तुम्ही आधीच कबुली दिलेली होती.

लढाईनंतरच्या या दुखण्याला पीटीएसडी हे नाव १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकात आलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी त्यासाठी बराच आवाज उठवला होता. २०१३ मध्ये त्याची लक्षणं नव्याने लिहिली तेव्हा त्यात भर पडली ती ही: जे घडलं त्यासाठी स्वतःला किंवा दुसऱ्याला अवास्तव दोषी धरत राहणं. ‘स्वतःला’ आणि ‘दुसऱ्याला’ ही दोन्ही एकाच लक्षणात आहेत. तुम्हाला तो आजार आहे की नाही हे पत्रावरून ठरत नाही, ते डॉक्टर बघतील. पण तुम्ही स्वतःला धरून बसलात आणि त्याने तुम्हाला धरलं, यामागचं दुखणं बहुधा एकच आहे.

आणि हॉलमधले बाकीचे गप्प बसले, त्याचा अर्थ तुम्ही ‘सगळ्यांना पटलं’ असा लावला असणार. मला तसं वाटत नाही. त्या उन्हाळ्यातून परत आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असा एखादा माणूस असतो. कुणी झोपेत होता, कुणी दोन पावलं मागे राहिला, कुणी जागा बदलली. तुमच्या दोघांच्या मध्ये बोलायचं म्हणजे आपलंही उघडायचं. ती हिंमत त्या क्षणी कुणाला झाली नसेल.

त्या जवानाला फोन करा. ग्रुपवर मेसेज नको, पुढच्या मेळाव्याची वाट बघणं नको, आणि दोघांपैकी एकाच्याही हातात ग्लास असताना तर नकोच. सकाळचा फोन करा. सफाई देऊ नका. एवढंच म्हणा, ‘त्या रात्री तुझी हालत बघून मला वाटलं होतं तू वाटेतच जाशील. म्हणून तुला बसवलं. तुला त्या रात्रीचं काय काय आठवतं?’ मग ऐका. कदाचित तो शिव्या देईल. दिल्या तर ‘बरं, परत करतो’ म्हणून ठेवा आणि काही दिवसांनी खरंच परत करा. त्याने माफी मागावी किंवा शब्द मागे घ्यावा अशी अट मनात ठेवून फोन करू नका. तुम्ही त्याचा जीव वाचवायला त्याला बसवलं होतं, हे त्याला इतक्या वर्षांत बहुधा कुणीच सांगितलेलं नाही.

इथे थोडं बाजूचं लिहिते, कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगायचं आहे. ठाण्यात, ऐरोलीत, नेरूळला अनेक सोसायट्या २६ जानेवारीला किंवा २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, माजी सैनिकांना बोलावतात, शाल-श्रीफळ देतात. चांगलं आहे. पण मग माइक हातात देऊन ‘एखादा थरारक प्रसंग सांगा’ म्हणतात आणि समोर बसलेली मुलं विचारतात, ‘किती मारले?’ मला याचा राग येतो. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले, तेराशेहून जास्त जखमी झाले. जो गेला त्याच्या शेजारी असलेला कुणीतरी परत आला, आणि तो आज आपल्या गेटवर रात्रपाळी करत असू शकतो. त्याला विचारायचंच असेल तर ‘तुमच्याबरोबर कोण कोण होतं?’ असं विचारा, आणि नाही बोलला तर आग्रह करू नका.

आता वहिनींकडे जाण्याबद्दल. फोनवर हे सांगू नका. गावी जा, बायकोला बरोबर न्या. पण त्याआधी बायकोला सगळं पहिल्यापासून सांगा, वहीतलं वाचून दाखवा. ‘जुनं उकरू नका’ असं त्या म्हणतात, कारण रात्री तुम्ही दचकून उठता ते त्यांनीच पाहिलंय. तुम्ही कोसळाल ही त्यांची भीती आहे आणि ती चुकीची नाही. त्यांना बाजूला ठेवून हे करू नका. कन्यादानाला बसायचं झालं तर त्यांनाही बसायचं आहे.

तिथे गेल्यावर मुलगी घरात नसेल असा दिवस निवडा. चहा वगैरे झाला की फार प्रस्तावना न करता बोला. ‘वहिनी, त्या रात्री पाळी दुसऱ्याची होती. तो आजारी होता, म्हणून मी याला पाठवलं. हे तुम्हाला माझ्याकडून तेव्हाच कळायला हवं होतं. आजपर्यंत सांगायची हिंमत झाली नाही.’ एवढंच. त्या आजारी जवानाचं नाव घेऊ नका, विचारलं तरी नको. नाव सांगितलंत तर एका माणसावरचा दोष दुसऱ्यावर जाईल, बाकी काही होणार नाही.

पाय धरू नका. रडू आलं तर येऊ द्या, पण ‘मला माफ करा’ म्हणून त्यांच्यासमोर लोळण घेऊ नका. तसं केलंत की त्या बाईला स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तुम्हाला सावरावं लागेल. आयुष्यभर तिने पुष्कळांना सावरलंय, सासू-सासऱ्यांना, लेकीला. तुम्ही तिथे मागायला जात नाही, द्यायला जाताय. आणि तुमच्याकडे द्यायला खूप आहे. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या इतक्या गावांत पोहोचल्या. त्याआधीच्या लढायांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार तिकडेच व्हायचे. त्यामुळे पेटी आली, सलामी झाली, फोटो निघाले. पण त्याचा शेवटचा दिवस कसा गेला हे कुणी सांगितलं? काय जेवला, काय बोलला, लेकीचा विषय काढला होता का, निघताना कसा निघाला. हे फक्त तुमच्याकडे आहे. कबुलीला दोन मिनिटं द्या आणि यासाठी अख्खी दुपार.

त्या काय म्हणतील? रागावतील कदाचित. ‘इतकी वर्षं का नाही सांगितलं’ हा राग जास्त असेल, पाठवल्याचा कमी. तो ऐकून घ्या, तो रास्त आहे. असंही होईल की त्यांना हे आधीच ठाऊक असेल. तेराव्याला पलटणीतले लोक येऊन जातात, बोलतात, आणि गावात अशी गोष्ट फार दिवस झाकून राहत नाही. ठाऊक असूनही त्यांनी दर दिवाळीला तुमचे कपडे घेतले असतील तर ते तुमचं उत्तर आहे.

लेकीला सांगायचं की नाही, आणि लग्नाआधी की नंतर, हे तिच्या आईला ठरवू द्या. आईने ‘बसा’ म्हटलं की निःशंक मनाने दोघं जोडीने बसा. ‘नको’ म्हणाल्या तर लग्नाला तरीही जा, मांडवात उभे राहा, पंगतीला वाढा. नकार आला म्हणून पुन्हा दडून बसायचं नाही. मुलीला मात्र आजच फोन करा, ‘आईला भेटायला येतोय, मग सांगतो.’ तिला ताटकळत ठेवू नका, काका टाळतायत असं वाटेल.

आता ती एक ओळ, ‘त्याच्या जागी मीच जायला हवा होतो.’ सेक्शन ज्याच्याकडे असतो तो प्रत्येक फेरीला स्वतः गेला तर मागच्यांना बघणार कोण, हे तुम्ही नव्या पोरांना शिकवलं असेल. पण हा विचार जर ‘आता तरी मी नसावं’ इथवर जात असेल, तर त्याच घटकेला बायकोला उठवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. फौजेतल्या लोकांसाठी पुण्याच्या एएफएमसीतही, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचा वेगळा कक्ष सुरू झाला आहे.

झोप आणि दारूसाठी मनोविकारतज्ज्ञांना भेटाच. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या. नाहीतर घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला या. प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, आणि १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. ‘याला ठाण्याला न्या’ हा आपल्याकडचा जुना टोमणा तुमच्याही कानावर असेल. १९०१ मध्ये ते रुग्णालय झालं तेव्हापासून तो चालत आला असावा, आणि त्यापायी कितीतरी लोक दाराशी येऊन परत गेले आहेत. तुम्ही जाऊ नका. तुमच्यासारख्या दुखण्यावर बोलण्याचे ठरावीक उपचार आहेत. त्यातल्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत साधारण बारा बैठकांत ‘हे माझ्यामुळे झालं’ हाच विचार समोर घेऊन पुराव्याने तपासतात. वहीतली पानं बरोबर न्या, तिथे उपयोगी पडतील.

दारूने डोळा लागतो खरा, पण पहाटेकडची झोप मोडते आणि वाईट स्वप्नंही वाढू शकतात. तरी हे वाचून आजच बाटली फेकू नका. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर हात थरथरतात, कधी फिटही येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करा. आणि पहिल्या भेटीत रोजचे पेग किती हे खरं सांगा. लाजेपोटी निम्मेच सांगणारे खूप भेटतात, आणि डॉक्टरांना गोळ्यांचं प्रमाण त्याच आकड्यावरून ठरवायचं असतं.